घरातल्या बीपी-शुगरचा हिशेब मोबाईलवर कसा ठेवावा

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा, नाहीतर राजारामपुरीतल्या खासगी दवाखान्यात. "गोळी कुठली चालू आहे?" असं डॉक्टरांनी विचारलं की उत्तर येतं, "ती पांढरी, बारकी." बीपीच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच असतात.

तेव्हा सुरुवात फोटोंपासून करा. चालू असलेल्या प्रत्येक गोळीच्या पट्टीचा, नाव आणि मिलिग्रॅम छापलेल्या बाजूचा फोटो काढा. चिठ्ठी आणि रिपोर्टचेही काढा. सगळे एका वेगळ्या अल्बममध्ये टाका, म्हणजे गुड मॉर्निंगच्या फुलांतून शोधत बसावं लागणार नाही.

मग अलार्म लावा आणि त्याला नाव द्या: 'बीपीची गोळी, नाष्ट्यानंतर'. गोळी तोंडात गेल्यावरच तो बंद करायचा, असा घरात नियम ठेवा. महागडं ॲप घ्यायची गरज नाही.

खरी गफलत होते ती बीपी मोजताना. रंकाळ्याला फेरी मारून आल्या आल्या किंवा चहाचा कप हातात असताना मोजू नका. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवर नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. दोन्ही वेळा मशीनच्या पडद्याचा फोटो काढा. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. एकच आकडा जास्त आला म्हणून घाबरू नका, पण सरासरी सतत १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि बीपी बघा म्हणणाऱ्या ॲपच्या नादी मात्र लागू नका.

शुगरच्या आकड्यापुढे 'उपाशीपोटी' की 'जेवणानंतर' हे लिहाच. ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं दिसलं तर फोटोबिटो राहू द्या, १०८ लावा.

दवाखाना लांब असेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांशी व्हिडिओवर मोफत बोलता येतं. आरोग्याच्या नोंदींसाठीचा चौदा अंकी सरकारी आभा क्रमांकही काढून ठेवा, ओपीडीच्या नोंदणीला उपयोगी पडतो. ओटीपी मात्र फोनवर कुणालाही सांगू नका.

डॉक्टरांनी गोळी बदलली की त्याच दिवशी जुना फोटो अल्बममधून काढून टाका.