बटण दाबलं तरी पीसी ढिम्म: घरी जोडलेल्या मशीनचा दोष कसा शोधायचा

सगळे भाग बसवले, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की पहिला संशय मदरबोर्डवर जातो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. नव्याने जोडलेल्या मशीनमध्ये भाग जळाल्यापेक्षा कुठली तरी वायर अर्धवट बसलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर दोष कशात होता ते कळणारच नाही.

आधी लक्षण नीट बघा. ना दिवा, ना पंखा, म्हणजे वीज पोचत नाही किंवा बटणाचा निरोप पोचत नाही. पंखे फिरून लगेच थांबतात, म्हणजे बहुधा शॉर्ट. पंखे फिरत राहतात पण स्क्रीन काळी, हा प्रकार वेगळा, त्याबद्दल शेवटी.

अजिबात हालचाल नसेल तर

ज्या सॉकेटमध्ये पीसी लावलाय त्यातच टेबल लॅम्प लावून बघा. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्याच्या मागचा स्विच उभ्या रेघेच्या बाजूला हवा. गोल म्हणजे बंद. मागे ११५/२३० असा सरकता स्विच असेल, तर वीज देण्याआधीच तो आपल्या भागातल्या व्होल्टेजवर आहे ना ते तपासा. पॉवर कॉर्ड एसएमपीएसमध्ये घट्ट जाते, शेवटपर्यंत दाबा. मॉनिटरची कॉर्ड तशीच असेल तर अदलाबदल करून बघायला मिनिटभर पुरतं.

यापुढे बोर्डावर किंवा वायरींना हात लावण्याआधी दर वेळी मागचा स्विच बंद करा. आता एसएमपीएसमधून बोर्डाला वीज देणारा २४ पिनचा मोठा कनेक्टर. तो बसल्यासारखा दिसतो, पण खटका अडकलेला नसतो. बोर्डाची कड मागून बोटांनी आधार देऊन धरा आणि खट् आवाज येईपर्यंत दाबा. एसएमपीएस मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) असेल तर वायरीचं दुसरं टोकही तपासा. आणि जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर वायरी नव्याला लावू नका: बोर्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी मात्र कंपनीगणिक बदलते. चुकीच्या पिनमधून १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क गेलीच.

यानंतर कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची बारीक वायर. नव्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ती बोर्डाच्या खालच्या कडेला, फ्रंट पॅनेलच्या पिनांवर लागते. ९ पिनांच्या नेहमीच्या मांडणीत पॉवर स्विच ६ आणि ८ नंबरच्या पिनांवर असतो, तरी आपल्या बोर्डाच्या मॅन्युअलमधली आकृती बघूनच खात्री करा. स्विचला उलटसुलट चालतं. एलईडीला प्लस-मायनस सांभाळावं लागतं. वायर काढा, मागचा स्विच चालू करा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना सेकंदभर एकमेकींना टेकवा. मशीन चालू झालं, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा. तात्पुरती रीसेट बटणाची वायर त्या पिनांवर लावा, तेच बटण पॉवरचं काम करेल.

तरीही काही नाही? मग एसएमपीएस एकटा तपासा. कॉर्ड काढा, सगळ्या वायरी बोर्डापासून सोडवा, एखादा कॅबिनेटचा पंखा मात्र एसएमपीएसला जोडून ठेवा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि शेजारची काळी (१६ आणि १७ नंबर) पेपरक्लिपने जोडा, मगच कॉर्ड लावून मागचा स्विच टाका. बोर्ड एरवी हेच करतो: हिरवी वायर ग्राउंडला टेकवली की एसएमपीएस चालू होतो. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका, मॅन्युअलमधली आकृती शोधा. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा फिरला नाही म्हणून तो मेला असं समजू नका, काही मॉडेलमध्ये तो भार वाढल्यावरच फिरतो. मल्टीमीटर असेल तर काळ्या वायरीच्या सापेक्ष पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. ही चाचणी पास झालेला एसएमपीएसही खऱ्या भाराखाली मान टाकू शकतो, एवढं लक्षात ठेवा. तो उघडायचा मात्र नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये कॉर्ड काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर विद्युतभार राहू शकतो.

पंखे फिरून थांबत असतील तर

किती वेळात थांबतात ते मोजा. नेमकं चारेक सेकंदांनी बंद पडत असेल, तर बटण आतच अडकलेलं असू शकतं. बटण धरून ठेवल्यावर मशीन बंद होतं, तेच इथे घडतं. क्षणात बंद पडत असेल तर बोर्डाखाली बघा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे पितळी स्टँडऑफ (बोर्ड कॅबिनेटपासून उचलून धरणारा खुंट) राहिला असेल, तर तो मागच्या सोल्डरला टेकतो आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. एकदा असं झालं की मागचा स्विच मिनिटभर बंद ठेवल्याशिवाय तो पुन्हा दाद देत नाही. समोरच्या यूएसबीची वायरही काढून बघा, वाकलेली पिन हेच करते.

शंका राहिली तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चमकदार अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिची बाहेरची बाजू वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम, २४ पिन आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनचा (४+४) कनेक्टर. बाकी काही नाही. हा ८ पिनचा कनेक्टर बरेच जण विसरतात, किंवा त्या जागी ग्राफिक्स कार्डाचा ६+२ कनेक्टर रेटून बसवू पाहतात. वर सांगितलेल्या दोन पिना टेकवून चालू करा. बाहेर चाललं तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या भागांत. ते एकेक करून परत जोडा.

पंखे फिरतात पण चित्र नाही, तेव्हा बोर्डावरचा डीरॅम (रॅम), सीपीयू (प्रोसेसर) की व्हीजीए (ग्राफिक्स) यांतला कुठला दिवा लागलाय ते बघा. रॅम प्रोसेसरपासून मोजून दोन नंबरच्या स्लॉटमध्ये लावून बघा. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, घाईने बंद करू नका.

चांगल्या एसएमपीएसवर, खोक्यावर ठेवूनही बोर्ड हलत नसेल, तरच तो बदलायला द्या. त्याआधी प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा, आणि पाठवताना सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण लावा. वाकलेली पिन दिसली की वॉरंटी नाकारली जाऊ शकते.