लोकांमध्ये जाऊन पर्यावरणाचं काम करताय? निदान या चुका तरी टाळा

मे महिना संपत आला की फोन सुरू होतात. ताई, ५ जूनला, पर्यावरण दिनाला, आमच्याकडे काहीतरी घ्यायचंय, एक तासाचं सेशन, दीडशे मुलं, जमलं तर झाडं पण लावू. १६ वर्षं मुंबईत हे काम करतेय, शाळा, सोसायट्या, चाळी, वस्त्या, किनारा, सगळीकडे, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच थकायला झालंय. येणारी माणसं वाईट नसतात, मनापासून येतात, पण घाई फार. आणि त्या घाईची किंमत मागून येणाऱ्याला मोजावी लागते, कारण एकदा पोळलेले लोक परत दार उघडत नाहीत. म्हणून लिहून ठेवतेय.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय. ती म्हणजे ओला-सुका वेगळा करा हे लोकांना सांगायच्या आधी, त्या बिल्डिंगमधला कचरा घरातून निघून गाडीपर्यंत जातो कसा, हे न बघणं.

चेंबूरमधली एक सोसायटी, ११२ घरं, सात मजली चार विंग. आम्ही महिनाभर जीव ओतून काम केलं. गच्चीवर मीटिंग, मुलांची टीम घरोघरी, प्रत्येक दारावर स्टिकर, हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा. पहिल्या महिन्यात ८० घरं नीट वेगळं करून द्यायला लागली, आम्ही खूश, फोटो काढले, कमिटीने सत्कार पण केला. दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींचा फोन आला, म्हणाल्या, उद्या सकाळी सातला ये आणि माझ्या दारात नुसती उभी राहा. गेले. सफाईवाले काका आले, आजींनी दोन डबे पुढे केले, काकांनी दोन्ही एकाच ड्रममध्ये रिकामे केले आणि पुढच्या दाराकडे गेले. आजी मला एवढंच म्हणाल्या, "मी रोज दुधाची पिशवी धुऊन वाळत घालते गं."

मी काकांच्या मागे मागे खाली गेले. जरा रागातच विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, लिफ्टमध्ये कचरा न्यायला बंदी आहे. सात मजले जिन्याने उतरायचं, दोन विंग माझ्याकडे, गाडी साडेआठला येते. दोन ड्रम दोन हातात घेऊन जिना उतरून दाखवा." त्यांच्या बायकोकडे उरलेल्या दोन विंग. त्या मावशी म्हणाल्या, "आम्हाला कुणी विचारलंच नाही." खरंच नव्हतं विचारलं. ११२ घरांशी बोललो होतो आणि ज्या दोन माणसांच्या हातातून सगळा कचरा जातो त्यांच्याशी एक शब्द नाही.

पुढे उत्तर मावशींनीच दिलं. ओला रोज, सुका फक्त बुधवारी आणि शनिवारी. म्हणजे रोजचा ड्रम एकच राहतो, आणि सुकं घरात चार दिवस पडलं तरी धुतलेलं असेल तर वास येत नाही. कमिटीकडून सकाळी सहा ते आठ एक लिफ्ट कचऱ्यासाठी मोकळी करून घेतली, त्यावर तीन मीटिंगा भांडणं झाली ती वेगळीच. सुकं विकून येणारे पैसे काका-मावशींचे, हे मिनिट्समध्ये लिहून घेतलं, कारण तोंडी ठरलेलं कमिटी बदलली की विरून जातं. एवढं सगळं करून सुद्धा परत ८० घरांवर यायला दीड वर्ष लागलं, कारण तोपर्यंत सगळ्या बिल्डिंगचं एकच म्हणणं, "खाली सगळं एकच होतं, कशाला करायचं?" हे वाक्य तुम्ही मुंबईत कुठेही ऐकाल, आणि दर वेळी त्यामागे कुणाच्यातरी घाईची अशी एक गोष्ट सापडते.

तेव्हापासून माझी सवय झालीय, सेशनची तारीख द्यायच्या आधी तीन सकाळी सफाईवाल्यांबरोबर फिरायचं. ड्रम किती, मजले किती, लिफ्ट मिळते का, गाडी किती वाजता, सुकं ठेवायला जागा कुठे, भंगारवाला कोण, आणि सॅनिटरी पॅड कसे येतात. शेवटचा प्रश्न बहुतेक जण लाजून टाळतात. मावशींना मात्र रोज उघड्या हाताने ते उचलावे लागतात, त्यामुळे कागदात गुंडाळून वर लाल खूण करून वेगळं द्या, हे मी पुरुषांनी भरलेल्या मीटिंगमध्ये पण स्पष्ट सांगते. तीन सकाळी द्यायला वेळ नसेल तर ती सोसायटी घेऊ नका. सरळ नाही म्हणा.

याला लागूनच दुसरी, मशीनची घाई. २०१७ मध्ये पालिकेने मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा रोज १०० किलोच्या वर ओला कचरा, २ ऑक्टोबरपासून स्वतःच्या आवारातच जिरवायला सांगितलं. नोटिसा आल्या आणि सगळे मशीन घ्यायला धावले. २४ तासांत खत, असं सांगून विकलेल्या बऱ्याच मशीनमधून जे भुरकट निघतं ते फक्त वाळवलेलं, दळलेलं अन्न असतं. कुंडीत घालून पाणी टाकलं की परत सडायला लागतं, रोप मरतं, मग लोक म्हणतात कंपोस्ट वाईट. खत व्हायला महिना-दोन महिने लागतातच, ते काम जिवाणूंचं आहे, त्यांना बटण नसतं.

कंपोस्टला वास येतोय अशी तक्रार आली की दहापैकी नऊ वेळा कोरडी पानं कमी पडलेली असतात. मूठभर घेऊन दाबून बघा. बोटांतून पाणी गळलं तर ओलं जास्त, उघडल्यावर भुसभुशीत सुटलं तर कोरडं, लाडवासारखं राहिलं आणि हाताला नुसता दमटपणा लागला तर बरोबर. अळ्या दिसल्या की घाबरून फिनेल ओतणारे सेक्रेटरी मी पाहिलेत, कृपा करून हे करू नका, अख्खा ढीग मरतो. नुसती कोरडी पानं घाला आणि उलथापालथ करा. आणि पानं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत गोळा करून ठेवा. आवारातला बदाम, रेन ट्री सगळे तेव्हा झडतात आणि माळी ती झाडून गाडीत देऊन टाकतो. ४० गोणी भरून जिन्याखाली ठेवल्या तर पावसाळा निघतो. बहुतेक सोसायट्या कंपोस्ट जुलैमध्ये बंद करतात, आणि कारण एवढंच असतं की एक कोरडं पान शिल्लक नसतं.

आता किनारा. यावर मला भरपूर बोलायचंय कारण इथली चूक जीवावर येऊ शकते.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जे दिसतं ते बघून मोठी माणसं पण गप्प होतात. डबक्यात समुद्रफुलं, शंखात घर केलेले खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं, नशीब असेल तर एखादं छोटं ऑक्टोपस. पण ते ओहोटीला दिसतं. एकदा आमच्याकडच्या नवीन मुलाने शाळेच्या सोयीने तारीख ठरवली, शनिवार, सकाळी साडेदहा, कार्टर रोड. मी तपासलं नाही, ही माझी चूक. आठवीची ४० मुलं बसमधून उतरली तर पाणी थेट कठड्याला लागलेलं, एक खडक दिसत नव्हता. दोन मुलं तरीही फोटोसाठी कठडा ओलांडून खाली उतरायला लागली, शिक्षिकेने शर्टाला धरून मागे ओढलं आणि पुढच्याच लाटेने ती जागा धुऊन काढली. ते अजून डोळ्यासमोर येतं.

तिथून खारदांडा जवळच. टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली आणि म्हणाली, "अगो, आज अवस हाय, उधाणाचा पाणी येनार, पोरांना कशाला आनलास?" मग तिनेच हिशोब सांगितला, जो कोकणात घराघरात माहीत आहे आणि आम्हा शिकलेल्यांना माहीत नव्हता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती, आणि साधारण सहा तास अलीकडे, सकाळी पावणेदहा-दहाला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती, म्हणजे आम्ही मुलांना बरोबर उधाणाच्या तोंडावर नेऊन उभं केलं होतं.

अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार मागे जातच नाही, तेव्हा नेलं तरी निराशाच. सकाळच्या शाळेसाठी मला तृतीया-चतुर्थी आवडते, ओहोटी आठ-नऊला मिळते आणि पाणी चांगलं दूर जातं. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, पाणी वळलं की गोष्ट अर्धी राहिली तरी वर यायचं. पाऊणपट हा अंदाज आहे, त्यामुळे भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघितल्याशिवाय तारीख पक्की करत नाही, आणि पावसाळ्यात मुलांना खडकांवर नेतच नाही. खालचं बघायला दगड उलटला तर होता तसा परत ठेवा, उन्हात उघडं पडलेलं सगळं तासाभरात मरतं. आणि कोळीवाडा शेजारी असेल तर तिथलं एक माणूस बरोबर असू दे, मानधन देऊन, पाहुणा म्हणून नाही तर शिकवणारा म्हणून. आमची ती मावशी पुढे चार वर्षं आमच्याबरोबर येत होती, मुलं माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकायची.

तिवरांच्या सफाईला जाणाऱ्यांना एकच विनंती, चिखलातून वर आलेल्या काड्या म्हणजे झाडाची श्वासमुळं आहेत, त्यावरून दोनशे माणसं चालवू नका. छोटी टीम, ठरलेली एकच वाट, आणि मुळांत घट्ट रुतलेली पिशवी ओढून काढण्यापेक्षा कापून काढा. उघड्या चिखलावर तिवरं लावायचा हट्ट पण सोडा. तो चिखल रिकामा नसतो, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो तिथेच खातात, आणि ती खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. कुठे लावायचं ते वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारा.

५ जूनची झाडं. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. पाचला तापलेल्या खड्ड्यात लावलेलं रोप तिथेच करपतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, मग लावा. ताम्हण, बहावा, करंज लावा, आणि पुढची दोन वर्षं पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा. ५ जूनला मुलांकडून खड्डे खणून घ्या, खत मिसळून घ्या, दिवस साजरा होतो आणि रोप पण जगतं.

वस्तीत जाऊन पाणी वाचवा सांगणं. पहाटे पाचला उठून, रांग लावून दोन ड्रम भरणाऱ्या बाईला ब्रश करताना नळ बंद ठेवा असं सांगणारं पोस्टर मी डोळ्यांनी पाहिलंय. फार वाईट वाटलं. तसंच देवनारच्या डम्पिंगच्या आसपास कचरा कमी करा हे भाषण. ते डम्पिंग १९२७ पासून आहे, शहराचा बराचसा कचरा तिथे गेला, जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धूर लांबपर्यंत गेला पण छातीत सगळ्यात जास्त तिथल्या मुलांच्या गेला. तिथली कितीतरी मुलं प्लास्टिक हातात घेऊन, वाकवून, आवाज ऐकून सांगतात कुठला माल आहे आणि किलोला काय भाव मिळेल. त्यांच्याकडून शिका, त्यांनाच वर्ग घेऊ द्या, आणि कमी वापराचं भाषण ज्या इमारतींमध्ये रोज चार पार्सल येतात तिथे जाऊन द्या. पाण्याचं पण तसंच. टॉवरमधल्या मुलांना विचारा तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं. मुंबईला पाणी देणारे सात तलाव कुणालाच माहीत नसतात. मग त्यातला भातसा नकाशात दाखवा, आणि तो ज्या शहापूर तालुक्यात आहे तोच तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो हे सांगा. वर्ग एकदम शांत होतो, मुलं घरी जाऊन विचारतात, आणि पालकांचे फोन येतात.

बाकी भराभर सांगते. मराठी-हिंदी शाळेत इंग्रजी स्लाइड नेऊ नका. स्पर्धेसाठी नवीन थर्मोकोल आणि चार्ट पेपर विकत आणायला लावू नका. टाकाऊतून टिकाऊ करायला नवीन बाटल्या आणायला लावणारे शिक्षक भेटलेत, त्यांना तिथल्या तिथे सांगा. शपथ घ्यायला लावू नका, मुलं ती गाडीत बसायच्या आधी विसरतात. सेशनला पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्या वाटू नका, पुढच्या रांगेतली मुलं लगेच विचारतात, आणि बरोबरच विचारतात. संडे सकाळी बीच क्लीनअप करून गोळा केलेल्या गोणी तिथेच ठेवून निघून जाऊ नका. गाडी कधी येणार हे आदल्या दिवशी वॉर्ड ऑफिसला विचारून घ्या, नाहीतर रात्रीच्या भरतीत सगळं परत समुद्रात.

आणि परत जा. मी तीन आठवड्यांनी जाते, न सांगता, सकाळी साडेसहाला, आणि आधी सफाईवाल्यांना भेटते. चेंबूरच्या सोसायटीत अजूनही जाते. काका रिटायर झाले, मावशी आहेत. गेल्या बुधवारी गेले तेव्हा सुक्याचा ड्रम भरून लिफ्टपाशी उभा होता आणि त्या नवीन पोराला सांगत होत्या, चौथ्या मजल्यावरच्या पिशव्या आधी उघडून बघ, त्या घरात नवीन भाडेकरू आलेत, त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.