कंट्रोलर आणि ट्रेझररच्या मतदानाआधी घरी करायची तयारी

मतपत्रिका उघडली की गव्हर्नरच्या चौकोनापाशी घरात वाद होतो, चर्चा होते. मग खाली ‘स्टेट कंट्रोलर’ (राज्याचा हिशेबनीस) आणि ‘स्टेट ट्रेझरर’ (राज्याचा खजिनदार) या दोन ओळी येतात आणि पेन थबकतं. कॅलिफोर्नियातल्या आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत या ओळी कोऱ्या जातात. मला ते मनापासून खटकतं. भारतात महालेखापाल नेमला जातो, आणि ट्रेझरी म्हटलं की आजोबांची पेन्शन आठवते. हिशेब सांभाळणारा माणूस आपण मत देऊन निवडायचा, ही सवयच आपल्याला नाही. म्हणून ३ नोव्हेंबर २०२६च्या मतदानासाठी मी घरी जी तयारी करते, ती इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी, घरात मत कोणाला आहे ते नीट पाहून घ्या. मत फक्त अमेरिकन नागरिकाला आहे. ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा एच-वन-बी, एच-फोर व्हिसा यांवर असलेल्यांना नाही. डीएमव्हीमध्ये लायसन्सचं काम करतानाच मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत चुकीची खूण होऊ देऊ नका. नागरिक नसताना नाव नोंदलं गेलं तर पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जावर फार वाईट परिणाम होऊ शकतो. आई-वडील ग्रीन कार्डवर आले असतील तर त्यांच्यासोबत काउंटरवर उभे राहा आणि प्रश्न मराठीत समजावून सांगा.

ज्यांना मत आहे त्यांनी आपली नोंदणी राज्याच्या संकेतस्थळावर तपासावी. नोंदणीची नेहमीची मुदत १९ ऑक्टोबर आहे. त्यानंतरही मतदानाच्या दिवसापर्यंत काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या) कार्यालयात किंवा मतदान केंद्रावर जाऊन नोंदणी करून मत देता येतं, पण तेवढी धावपळ कशाला? तपासताना नाव बारकाईने वाचा. आपल्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. नागरिकत्वाच्या दाखल्यावर एक क्रम, लायसन्सवर दुसरा, असं सर्रास होतं. घर बदललं असेल तर पत्ताही बदला, कारण मतपत्रिका टपालाने त्याच पत्त्यावर येते.

सहीकडे आपले लोक हमखास दुर्लक्ष करतात. भरलेली मतपत्रिका ज्या पाकिटातून परत जाते, त्यावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. जुन्या पासपोर्टवर मराठीत सही, लायसन्सवर इंग्रजीत, आणि पाकिटावर त्या दिवशी हाताला येईल ती, असं करू नका. लायसन्स समोर ठेवूनच सही करा. सही जुळली नाही तर काउंटीकडून पत्र येतं आणि चूक दुरुस्त करायची संधी मिळते. ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकलं जाऊ नये.

आता मुख्य काम, ही दोन माणसं करतात तरी काय ते समजून घेणं. यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. कंट्रोलर राज्याची बिलं आणि पगार चुकते करतो, हिशेब ठेवतो, तपासण्या करतो, आणि आयकर घेणाऱ्या फ्रँचाइज टॅक्स बोर्डावर बसतो. ट्रेझरर म्हणजे राज्याचा बँकर. तो कर्जरोखे विकतो, शिल्लक पैसा गुंतवतो, आणि मुलांच्या कॉलेजसाठी आपण ज्या स्कॉलरशेअर खात्यात पैसे भरतो त्याच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. सरकारी कर्मचाऱ्यांची कॅलपर्स आणि शिक्षकांची कॅलस्टर्स, या दोन्ही पेन्शन निधींच्या मंडळांवर दोघांनाही जागा आहे. एकट्या कॅलपर्सचा निधी ५०० अब्ज डॉलरहून मोठा आहे.

पैसा संपतो तेव्हा या पदाचं वजन कळतं. जुलै २००९मध्ये अर्थसंकल्पाचा पेच सुटेना, तेव्हा कंट्रोलर जॉन चियांग यांनी पैशांऐवजी ‘नंतर देऊ’ असे वचनपत्राचे कागद लोकांच्या हाती दिले. कोणाला रोख द्यायचं आणि कोणाला कागद, हे त्यांच्या कार्यालयातून ठरत होतं.

आणि मत देऊनही चूक कशी होते, याचं उदाहरण ऑरेंज काउंटीचं. पद राज्याचं नव्हे, काउंटीचं, पण काम तेच. तिथले निवडून आलेले ट्रेझरर रॉबर्ट सिट्रन लोकांचा पैसा कर्ज काढून वाढवून व्याजदरांवर अवलंबून असलेल्या रोख्यांत गुंतवत होते. परतावा छान येत होता. १९९४च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार जॉन मूरलाक, पेशाने हिशेबनीस, प्रचारात सांगत राहिले की व्याजदर वाढले तर हे कोसळेल. मतदारांनी सिट्रन यांनाच निवडलं. दर वाढले, सुमारे १.६ अब्ज डॉलर बुडाले, आणि ६ डिसेंबर १९९४ रोजी काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे त्याच खुर्चीवर मूरलाक यांना बसवलं गेलं. मी दर निवडणुकीआधी ही हकीकत आठवते, कारण धोक्याची सूचना मतदानाच्या आधी जाहीरपणे दिली गेली होती. ऐकणारे कमी पडले.

म्हणून उमेदवारांची माहितीपुस्तिका हातात आली की पेन्सिल घेऊन बसा. हिशेब, लेखापरीक्षण किंवा रोख्यांचं काम यांनी प्रत्यक्ष केलंय का? जोखीम कशी मोजणार? राज्याचा वार्षिक वित्त अहवाल बरीच वर्षं उशिरा येत राहिला, तो वेळेवर आणण्यासाठी काय करणार? पेन्शन निधीच्या मंडळावर बसून कशाला हो म्हणतील आणि कशाला नाही? गर्भपात, बंदुका, सीमा यांवरची भाषणं इथे फारशी कामाची नाहीत. ती पानं मी सरळ उलटते.

आपलं एक मत काय बदलणार, असं घरात कोणी म्हणालं तर २०१४ची कंट्रोलरची प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरआधीची प्राथमिक फेरी, सांगा. कॅलिफोर्नियात पक्ष कोणताही असो, प्रायमरीतले पहिले दोनच पुढे जातात. चाळीस लाखांच्या आसपास मतं पडली, आणि दुसऱ्या जागेसाठी बेटी यी या जॉन पेरेझ यांच्यापेक्षा ४८१ मतांनी पुढे राहिल्या. नोव्हेंबरमध्ये त्याच कंट्रोलर झाल्या आणि आठ वर्षं राहिल्या. आपल्या गणपतीच्या आरतीला ४८१हून जास्त माणसं जमतात.

देणगी द्यायची असेल तर आधी थांबा. व्हिसावर असलेल्यांना राज्याच्या निवडणुकीतही देणगी देता येत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना येते. गुंतवणूक सल्लागार कंपनीत किंवा सरकारी रोख्यांच्या व्यवसायात काम करणाऱ्यांनी कंपनीच्या कम्प्लायन्स (नियमपालन) विभागाला विचारल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये. पेन्शन निधीवर बसणाऱ्या पदाच्या उमेदवाराला छोट्या मर्यादेपलीकडे पैसे दिले, तर कंपनीची त्या निधीकडून मिळणारी फी दोन वर्षं बंद होऊ शकते.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे अनेकांची विमानं मतदानाआधीच सुटणार. मतपत्रिका ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघतात. हाती आली की त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर भरा, पाकिटावर सही आणि तारीख घाला आणि बॅगा भरण्याआधी अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. टपालाने पाठवणार असाल तर निदान आठवडाभर आधी पाठवा. शेवटच्या दिवशी पोस्टाच्या शिक्क्यावर विसंबू नका. ड्रॉप बॉक्स मतदानाच्या दिवशी रात्री ८ वाजता बंद होतात. मतपत्रिकेचा प्रवास फोनवर कळवणारी राज्याची सोय मोफत आहे, तिथे नाव घालून ठेवा. वाचायला किंवा लिहायला अडचण असलेल्या ज्येष्ठांना आपल्या पसंतीचा मदतनीस सोबत नेता येतो, फक्त तो त्यांचा मालक किंवा युनियनचा माणूस नसावा.

पाकीट गेलं की त्याच बैठकीत कंट्रोलरच्या संकेतस्थळावर बेवारस पैशांच्या यादीत घरातल्या सगळ्यांची नावं शोधा. जुनी डिपॉझिटं, विसरलेली बँक खाती, न वटवलेले पगाराचे चेक तिथे पडून असतात. आपल्या आडनावांची स्पेलिंगं चार प्रकारची होतात, ती चारही घालून पाहा. शोध आणि दावा दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे कमिशन मागणाऱ्या मध्यस्थाच्या पत्राला उत्तर देऊ नका.