पथकात अठराच्या आतली मुलं असतील तर

गणपतीच्या दोनेक महिने आधी नदीपात्रात सराव सुरू होतो आणि नोंदणीचे अर्ज माझ्याकडे येतात. पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात मी १९ वर्षं आहे, आणि मुलांची जबाबदारी गेली ९ वर्षं माझ्याकडे आहे. नवीन पथकांचे फोन येतात, ‘ताई, काय काय करायचं?’ म्हणून हे लिहून काढते आहे.

अर्जात आधी जन्मतारीख बघा. १८ पूर्ण नसतील तर पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीनं ते मूल आहे, मग अंगानं कितीही मोठं का असेना. ‘दोघांच्या मर्जीनं होतं’ हे वाक्य तिथे चालत नाही. आईवडिलांची सही आणि त्यांचा नंबर घेतल्याशिवाय मी ढोल वाजवायचं टिपरू हातात देत नाही.

आता मुख्य गोष्ट. मुलाच्या बाबतीत विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसानं गुन्हा केला, तर या कायद्याच्या कलम ५ आणि ९ प्रमाणे तो अधिक गंभीर ठरतो. लैंगिक हल्ल्याला, म्हणजे लैंगिक हेतूनं केलेल्या स्पर्शाला, एरवी ३ ते ५ वर्षांची कैद आहे. तोच अशा माणसानं केला तर ५ ते ७. पगार मिळतो की नाही, हे कायदा विचारत नाही. आमच्याकडे पगार कोणालाच नाही. तरी मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर पहिल्या रांगेत कोण उभं राहणार, ध्वज कोणाच्या हाती, मिरवणुकीच्या यादीत कोणाचं नाव, हे ठरवणारा एक दादा असतो. सोळा वर्षांच्या पोरीसाठी त्या यादीचं वजन किती असतं, हे मी स्वतः त्या वयात अनुभवलं आहे.

म्हणून यादी एकट्याच्या हातात ठेवू नका. आमच्याकडे तिघं मिळून करतात, त्यात एक तरी ताई असते, आणि नाव का गाळलं ते वहीत लिहिलं जातं.

हे आम्हाला उशिरा सुचलं. एका वर्षी छान ताशा वाजवणारी एक मुलगी अचानक यायची बंद झाली. मी घरी गेले तेव्हा तिनं मोबाइल पुढे केला. शिकवणाऱ्या दादाचे रात्री साडेअकराचे मेसेज होते, आणि शेवटी ‘पहिली रांग हवी ना?’ पथकातल्या मोठ्यांचं म्हणणं, विसर्जन होऊ दे, मग आपसात बसू. मी थांबले नाही, आईवडिलांना घेऊन चौकीवर गेले. चार महिने माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असं काही कळलं किंवा नुसती शंका आली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत. खरं-खोटं शोधणं तुमचं काम नाही; सद्भावनेनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

मूल सांगायला लागलं की मधे तोडू नका. ‘तू तेव्हाच का नाही बोललीस?’ हा प्रश्न गिळून टाका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. तिचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा. त्या दादाला समोरासमोर बोलावू नका. आईवडिलांना धीर द्या की जबाब घरीसुद्धा घेता येतो आणि जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसतात. नाव ग्रुपवर जाता कामा नये. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

२०२०च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी असं म्हटलं आहे. आमचे सगळे स्वयंसेवक, तरी शिकवणाऱ्या प्रत्येकाकडून मी तो दाखला घेते. कोरा दाखला म्हणजे आजवर नोंद नाही, एवढंच. त्यामुळे आधीच्या पथकाला फोन करून ‘तुमच्याकडून का सोडलं?’ हेही विचारते.

सरावाचे नियम साधे आहेत. नवीन मुलीच्या कमरेला ढोल ताईच बांधते. हात कसा पडायचा हे दादा स्वतः वाजवून दाखवतो, हात धरून नाही. मुलांना निरोप फक्त ग्रुपवर, त्यात पालकही असतात. गाडीवर एकट्या मुलाला सोडायला जायचं नाही, पाऊस असला तरी.

विसर्जनाची रात्र सर्वांत अवघड. मिरवणूक लांबते, मुलं दमतात, मुलींना स्वच्छतागृह मिळत नाही. आम्ही मार्गावरच्या ओळखीच्या दोन घरांत आधीच सांगून ठेवतो आणि मुली तिथे जोडीनं जातात, सोबत ताई. परतताना वहीत प्रत्येक नावापुढे न्यायला आलेल्या माणसाची सही घेतो. शेवटची सही होईपर्यंत आम्ही दोन मोठी माणसं तिथेच थांबतो, मग सकाळचे नऊ वाजले तरी.