कम्युनिटी कॉलेजातून इंजिनिअरिंगला जाताय? या चुका टाळा

हायस्कूल संपलं आणि मुलगा कम्युनिटी कॉलेजात जाणार म्हटलं, की कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांत अजूनही चेहरे उतरतात. गणपतीच्या आरतीला कोणी विचारलं तर आई विषय बदलते. कृपा करून असं करू नका. राज्यात अशी दोन वर्षांची ११६ कॉलेजं आहेत, आणि तिथून यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या सरकारी विद्यापीठांत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट रीतसर आखलेली आहे. मी अशाच एका कॉलेजात मुलांना गणित शिकवते. हुशारी कमी म्हणून अडकलेली मुलं मला फार थोडी भेटली. बहुतेक जण अडकतात ते विषयांचा क्रम चुकल्यामुळे.

‘आधी सोपे विषय उरकून घेऊ’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पहिल्या वर्षी इतिहास, मानसशास्त्र, कला असे विषय घेऊन मुलं छान ग्रेड मिळवतात आणि गणित पुढे ढकलतात. इतर शाखांना हे चालून जातं, इंजिनिअरिंगला नाही, कारण इथले विषय एकमेकांत अडकलेले आहेत. कॅल्क्युलसशिवाय मेकॅनिक्सचं फिजिक्स मिळत नाही, आणि ते झाल्याशिवाय स्टॅटिक्सला, म्हणजे स्थिर रचनांवरच्या बलांच्या विषयाला, बसता येत नाही. सर्किट्सच्या आधी विजेचं फिजिक्स लागतं. गणिताची रांग वेगळीच: कॅल्क्युलसचे तीन टप्पे, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनियर अल्जेब्रा. त्यात लहान कॉलेजांत स्टॅटिक्स किंवा सर्किट्स बऱ्याचदा वर्षातून एकदाच लावतात. म्हणजे एक सत्र हुकलं की वर्ष गेलं.

यावर उपाय एकच. पहिल्या सत्रापासून एकही सत्र गणिताशिवाय जाऊ द्यायचं नाही. यूसीला इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स लागतात, कॅल स्टेटला वक्तृत्वाचाही लागतो. तेवढे वेळेत करा. कॅल-गेटसी (Cal-GETC) या सामान्य विषयांच्या संचाची सगळी यादी आधी संपवण्याच्या मागे मात्र लागू नका. उरलेले हलके विषय पुढे जड सत्रांत श्वास घ्यायला कामी येतात.

नाव सारखं, कोर्स वेगळा

कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचंच उदाहरण घ्या. तिथे ‘फिजिक्स २ए’ आहे आणि ‘फिजिक्स ४ए’ही आहे. दोन्हीत न्यूटनचे नियम आहेत, दोन्हीत प्रयोगशाळा आहे. पण इंजिनिअरिंगला लागते ती ४एपासूनची कॅल्क्युलसवर आधारलेली मालिका. २एपासूनच्या मालिकेचा पूर्ण वर्षाचा अभ्यास करूनही मूळ अट तशीच राहते. बिझनेस कॅल्क्युलसचंही तेच. नोंदणी करताना मुलं नाव वाचतात. त्यांना वाचायला लावा तो क्रमांक, आणि खालची पूर्वअटींची ओळ.

‘मित्राने सांगितलं, चालतं’

कुठला कोर्स कुठे चालतो हे असिस्ट डॉट ओआरजी या सरकारी संकेतस्थळावर लिहिलेलं आहे. आपलं कॉलेज, जिथे जायचं ते विद्यापीठ आणि शाखा निवडली की डावीकडे विद्यापीठाचा विषय दिसतो आणि उजवीकडे आपल्या कॉलेजातला त्याचा जोडीदार. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ दिसलं तर तिथे थांबा. त्या विषयाला चालेल असा मान्य कोर्स तुमच्या कॉलेजात नाही. शेजारच्या कॉलेजात मिळेल का, याची चौकशी त्याच आठवड्यात करायची.

हे तक्ते किमान तीन विद्यापीठांचे छापून शेजारी शेजारी ठेवा. एकाला प्रोग्रॅमिंगसाठी सी प्लस प्लस हवं असतं, दुसऱ्याला मॅटलॅब, तर तिसऱ्याला स्टॅटिक्स अर्जाआधीच हवं असतं. आणि फिजिक्सची मालिका अर्ध्यात सोडून कॉलेज बदलू नका. बऱ्याच ठिकाणी अख्खी मालिका मिळूनच धरली जाते, सुटा तुकडा नाही.

समुपदेशकाकडे जाल तेव्हा इंजिनिअरिंगची मुलं पाहणाऱ्याचीच वेळ मागा. कॉलेजात मेसाचं केंद्र असेल तर तेही विचारा. १९७० साली ओकलंडच्या एका हायस्कूलमधून सुरू झालेला हा कार्यक्रम कमी उत्पन्नाच्या आणि घरात पहिल्यांदाच पदवीकडे निघालेल्या मुलांसाठी आहे. तिथे शिकवणी मिळते, आणि सोबत अभ्यास करणारी माणसं मिळतात.

टॅगचा गैरसमज

टॅग म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना यूसीने दिलेली प्रवेशाची हमी, पण ती सगळीकडे मिळत नाही. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. उरलेल्या सहांपैकी एकाच ठिकाणी टॅग भरता येतो, तोही सप्टेंबर महिन्यात. त्यातही शाखेप्रमाणे अटी वेगळ्या, आणि काही इंजिनिअरिंग शाखांना तो लागूच नसतो. ‘आत शिरू, मग शाखा बदलू’ हा बेतही सोडा; कॉम्प्युटर सायन्ससारख्या शाखेत आतून जाणं जवळपास अशक्य असतं.

एच-फोर व्हिसावरच्या (म्हणजे आई-वडिलांच्या एच-वनबीवर अवलंबून असलेल्या) मुलांच्या पालकांनी आणखी एक तारीख लिहून ठेवावी: २१वा वाढदिवस. त्या दिवशी ते स्टेटस संपतं. कॉलेजात तीन वर्षं लागली तर हा दिवस नेमका पदवीच्या मधोमध येतो, आणि फीचं गणितही बदलू शकतं. वकिलाशी वर्षभर आधी बोला.

प्रवेश मिळाल्यावर

बर्कली आणि मर्सेड सोडल्यास यूसीत क्वार्टर पद्धत आहे. दहा आठवड्यांत विषय संपतो. सेमिस्टरच्या कॉलेजातून आलेलं मूल रुळेपर्यंत पहिली परीक्षा दारात उभी असते. मागच्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी अशीच चार तांत्रिक विषय घेऊन गेली. चौथ्या आठवड्यात रात्री तिचा फोन आला, ‘मावशी, मी परत येऊ का?’ आम्ही दोघींनी मिळून तिचं वेळापत्रक उघडलं. एक विषय मुदतीत सोडला, उरलेल्या तिन्हींच्या ऑफिस अवर्सच्या, म्हणजे प्राध्यापकांना शंका विचारायच्या, वेळा तिने कॅलेंडरमध्ये घातल्या, आणि थर्मोडायनॅमिक्सच्या प्राध्यापकांकडे दुसऱ्याच दिवशी गेली. त्या खोलीत आणखी पाच मुलं होती. त्यातली दोन तिच्यासारखीच कम्युनिटी कॉलेजातून आलेली. आता ते तिघं गृहपाठ एकत्र करतात.