दाबाचे दोन मीटर म्हणजे टू-स्टेज नव्हे: सीओटू रेग्युलेटर घेताना या चुका टाळा

प्लान्टेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींची माशांची टाकी, लावायची म्हटली की आमच्या बडोद्यातली नवी मंडळी आधी लाइट घेतात, मग माती, मग लाकूड-दगड, मग झाडं. शेवटी हातात जे पैसे उरतील त्यात जो बसेल तो रेग्युलेटर, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडायच्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडरमधला दाब उतरवणारं यंत्र. हा क्रम मला अजिबात पटत नाही. लाइट कमी पडला तर झाडं हळू वाढतील, एवढंच. रेग्युलेटरने दगा देऊन जास्त गॅस सोडला तर टाकीतले सगळे जीव एका दिवसात जातात. कोणी विचारायला आलं की मी आधी हेच सांगतो: रेग्युलेटरचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्यात केवढी टाकी बसते ते बघा. दोन फुटी बसली तर दोन फुटी लावा.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे दोन मीटर बघून रेग्युलेटर टू-स्टेज आहे असं धरून चालणं. दुकानात 'डबलवाला' म्हणून देतात, जाहिरातीत 'ड्युअल' एवढाच शब्द असतो आणि घेणारा खूश होतो. मीटरचं काम फक्त दाब दाखवायचं: एक सिलिंडरमधला दाखवतो, दुसरा पुढे टाकीकडे जाणारा. स्टेज म्हणजे आत दाब किती टप्प्यांत उतरवला जातो ते. सिंगल-स्टेजमध्ये ६०-७० बारचा दाब एकाच झडपेत दीड-दोन बारवर येतो. टू-स्टेजमध्ये पहिली झडप तो मधल्या पातळीवर आणते आणि दुसरी तिथून खाली. विचारायचा प्रश्न एकच: आत डायफ्राम (झडप हलवणारे लवचिक पडदे) किती? याचं उत्तर न देता दुकानदार पुन्हा मीटरकडे बोट दाखवत असेल, तर तो सिंगल-स्टेज समजा.

सिलिंडर भरलेला असतो तोवर हा फरक जाणवत नाही. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक आहे तोपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो: २० अंशांना साधारण ५७ बार, ३० अंशांना ७२ च्या आसपास. सिलिंडर काठोकाठ असो की निम्मा, काटा जागचा हलत नाही. २५ अंशांच्या खोलीत साधारण एक तृतीयांश गॅस उरला की द्रव संपतो आणि तिथून काटा उतरायला लागतो. सिंगल-स्टेजची परीक्षा इथे सुरू होते. सिलिंडरकडून येणारा दाब आतली झडप बंद ठेवायला हातभार लावत असतो. तो ओसरला की स्प्रिंगचा जोर वरचढ होतो, झडप जास्त उघडते आणि पुढचा दाब चढतो. बुडबुड्यांचा वेग ठरवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला कोणी हात लावलेला नसतो, तरी बुडबुडे वाढतात.

दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका मुलाची तीन फुटी टाकी होती. खाली मोन्टे कार्लो या झाडाचा दाट गालिचा, वर कार्डिनल टेट्रा माशांचा थवा आणि अमानो झिंगे. फार निगुतीने लावलेली टाकी. काही दिवस बुडबुडे वाढतायत म्हणून तो रोज नीडल थोडी थोडी आवळत होता. नीडल खराब असणार, नंतर बदलू, असं त्याने ठरवलं आणि लग्नासाठी नवसारीला गेला. परत आला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर जास्त गॅसमुळे पिवळाधमक झाला होता, झिंगे आडवे पडले होते आणि थोडे टेट्रा पृष्ठभागावर तोंड लावून तडफडत होते. गॅस बंद केला, एअर पंप लावला, निम्मं पाणी बदललं. मोजकेच वाचले. पुढच्या मीटरवर त्याने लावलेल्या दाबाच्या दुपटीहून जास्त दाब होता आणि सिलिंडरचा काटा तळाला आला होता. "काका, मागच्या महिन्यात बघितला तेव्हा मीटर भरलेलाच होता. आणि हा टू-स्टेज आहे, दोन मीटर आहेत ना," तो म्हणाला. त्याला कोणी चुकीचं सांगितलं याच्याशी त्या माशांचं काही देणंघेणं नव्हतं. ते दृश्य मला अजून अस्वस्थ करतं, म्हणून हा मुद्दा मी परत परत सांगतो.

सगळेच सिंगल-स्टेज असे वागतात असं नाही. चांगल्या बनावटीचा असेल आणि नीडल पक्की असेल तर दाब थोडाच चढतो. पण कोणता किती चढेल हे डब्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून पैसे जमत असतील तर खरा टू-स्टेज घ्या. जमत नसतील तर सिलिंडर वजनावर चालवा. माझा सिलिंडर कायम वजनकाट्यावर उभा असतो. त्याचं रिकामं वजन सिलिंडरच्या खांद्यावर (वरच्या गोलसर भागावर) ठोकलेलं असतं, ते वजा केलं की आतला गॅस कळतो. सिंगल-स्टेजवर एक चतुर्थांश उरला की रिफिलला पाठवायचा. त्या पाव भागाचे पैसे वाया जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी टेट्रांच्या थव्याची किंमत काढून बघावी.

दुसरी चूक भंगारातल्या आग विझवायच्या सिलिंडरची. मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला असे सिलिंडर स्वस्तात मिळतात आणि 'सीओटूच आहे ना' म्हणून लोक थेट रेग्युलेटर चढवतात. त्या सिलिंडरच्या आत तळापर्यंत नळी असते, कारण आगीवर द्रवच फेकायचा असतो. सिलिंडर उभा ठेवला तरी वर द्रव येतो. तो रेग्युलेटरमध्ये शिरला की आत गोठतो, झडप जिथे बसते ती सीट खराब होते आणि पुढची नळी उडू शकते. साधा सिलिंडर आडवा ठेवला तरी हेच होतं, म्हणून सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा. सिलिंडर घेताना खांद्यावरची दाबचाचणीची तारीख वाचा. ही चाचणी साधारण दर ५ वर्षांनी करावी लागते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ उगाच केलेले नाहीत आणि त्यांची अंमलबजावणी बघणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था नागपुरात आहे. तारीख उलटलेला सिलिंडर 'चालतो की' म्हणून भरून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

आपल्याकडच्या मे महिन्याचा विचार तर खरेदी करताना कोणी करतच नाही. ३१ अंशांच्या वर सीओटूचा द्रव राहतच नाही. मग दाब ठरतो तो सिलिंडर किती ठासून भरलाय त्यावर. बाहेर ४२ अंश असताना गच्चीकडच्या बाल्कनीत ठेवलेला, नीट भरलेला सिलिंडरही १०० बारच्या पुढे जातो, आणि जास्त भरलेला असेल तर दाब झपाट्याने चढून सेफ्टी डिस्क (जादा दाबाला फुटून गॅस सोडणारी चकती) फुटते. सिलिंडरमध्ये जेवढं पाणी मावेल त्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश एवढाच गॅस भरायचा असतो. 'भैया, फुल कर दो' म्हणणं सोडा. सकाळी आणि दुपारी बुडबुड्यांचा वेग वेगळा दिसतो तोही याच उष्णतेमुळे. सिलिंडर घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, लाइटच्या चोकशेजारी कॅबिनेटमध्ये नको.

पण बंद एसी बेडरूममध्येही नको. ५ किलो सीओटू म्हणजे जवळपास पावणेतीन घनमीटर वायू. दहा बाय दहाच्या खोलीत तो सगळा सुटला तर हवेत दहा टक्के सीओटू होतो आणि तेवढ्यात झोपलेला माणूस बेशुद्ध पडतो.

आता बाकीच्या चुका. आटे न बघता परदेशी रेग्युलेटर मागवू नका. अमेरिकी सीजीए-३२० आणि युरोपीय डब्ल्यू २१.८ या सिलिंडर-जोडांच्या व्यासात एक मिलिमीटरहूनही कमी फरक आहे आणि आट्यांची घनता सारखीच, त्यामुळे मोठं नट लहान व्हॉल्व्हवर सैलसर चढतं आणि बसल्यासारखं वाटतं. आधी आपल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मोजा. त्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिथे गॅस वॉशर अडवतो. प्रत्येक रिफिलला नवा वॉशर लावा आणि साबणाच्या पाण्याने जोड तपासा. नळी पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या, सिलिकॉनमधून सीओटू झिरपतो. बुडबुडे मोजायच्या बबल काउंटरच्या पुढे, टाकीचं पाणी उलटं येऊ नये म्हणून, चेक व्हॉल्व्ह हवाच. टायमरवर गॅस चालू-बंद करणारा सोलेनॉइड हाताला गरम लागणं नेहमीचंच आहे. नीडल व्हॉल्व्हमध्ये मात्र कंजुषी करू नका. रोज नवा वेग देणारी नीडल असेल तर बाकी सगळं भारी असून उपयोग नाही.

काट्याचा टायमर टाळा. वीज दोन तास गेली की तो दोन तास मागे पडतो आणि सीओटू रात्री लाइट बंद झाल्यावरही सुरू राहतो. बॅटरीवाला डिजिटल घ्या. गॅस लाइटच्या तास-दोन तास आधी सुरू व्हावा.

घाईबद्दलही बोलायलाच हवं. पंधरा दिवसांत हिरवा गालिचा हवा म्हणून दर अर्ध्या तासाने नीडल उघडणारे खूप बघितले. ४ डीकेएचच्या (डीकेएच म्हणजे कार्बोनेट क्षारतेचं माप) द्रावणाचा ड्रॉप चेकर हिरवा दिसला की पाण्यात साधारण ३० पीपीएम सीओटू असतो, पण तो रंग तास-दोन तास उशिराचा असतो. एकदा नीडल हलवली की त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही आणि पहिले काही दिवस घरी असतानाच गॅस चालवायचा.

दुकानातून रेग्युलेटर उचलण्याआधी तिथेच सिलिंडरला लावून बघा. दाबाचा नॉब पूर्ण सैल करा, सिलिंडर हळू उघडा, पुढचा दाब दीड-दोन बारवर आणा, नीडल बंद करा आणि दहा मिनिटं पुढच्या मीटरकडे बघत उभे राहा. काटा आपोआप वर सरकत असेल तर आतली सीट गळते आहे. तो रेग्युलेटर कितीही सवलतीत देत असले तरी घरी आणू नका.