मुलं मागे पडली आहेत, हे पालकांना कसं सांगावं

केंद्रप्रमुखांकडे जाणाऱ्या अहवालात ‘इयत्ता चौथी, वाचन, अपेक्षित स्तर न गाठलेले विद्यार्थी अमुक’ एवढं लिहिलं की भागतं. पालकाला त्यातून काहीच कळत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: माझ्या पोराला काय येतं, काय येत नाही, आणि आता मी काय करू. मी ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेची मुख्याध्यापिका आहे. हे काम दरवर्षी वाट्याला येतं, म्हणून नव्याने मुख्याध्यापक झालेल्यांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी लिहिते आहे.

सांगावं की झाकावं, असा पर्याय मुळात आपल्याला नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांच्यापुढे ठेवायची. प्रत्येक मुलाची पातळी पाहून त्याला जादा शिकवणं हेही त्याच कलमात आहे. त्यामुळे कमतरता सांगणारा शिक्षक शाळेची बदनामी करत नाही, नेमून दिलेलं काम करतो. वरून कोणी नाराज झालं तर हे कलम दाखवा.

सभेची सूचना काढण्याआधी मुलं तपासा. चाचणीच्या गुणांवर विसंबू नका. घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात वापरतात ती पद्धत सगळ्यात सोपी: मूल अक्षरं ओळखतं का, साधे शब्द वाचतं का, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद वाचतं का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं का. गणितात एक ते नऊ अंक, मग दोन अंकी संख्या, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. एकेका मुलाला बाजूला बसवून घ्या, बाकीचा वर्ग ऐकत नसताना. जिथे मूल अडतं ती त्याची पातळी. चौथीतलं मूल शब्दावर अडत असेल तर तसंच लिहा, ‘प्रगतिपथावर’ लिहू नका.

त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला शाळेची उणीव लिहा. आमच्याकडे दोन शिक्षक आणि पाच वर्ग. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, कायद्याच्या परिशिष्टातच तसं आहे. म्हणजे मी तिसरीला शिकवत असते तेव्हा चौथी आणि पाचवी स्वतःच काहीतरी करत बसलेली असते. एखादं पद रिकामं असेल, शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले असतील, तर तेही तारखेसकट लिहून ठेवा. पालकांना हे आधीच दिसत असतं. आपण बोललो नाही तर ते आपसात बोलतात, आणि मग आपल्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास राहत नाही.

सभेची वेळ पालकांच्या सोयीची ठेवा. दुपारी बाराला सभा ठेवली की रोजंदारी बुडते आणि मग ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा इतिवृत्तात जातो. हे मला पटत नाही. संध्याकाळी, माणसं रानातून परतल्यावर ठेवा, बाजाराचा दिवस टाळा, आणि आमच्यासारख्या गावात ती दसऱ्याआधी उरका. त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याकडे निघतात. आयांना निरोप वेगळा द्या. मुलाचा अभ्यास घरात बहुतेक त्याच पाहतात, आणि सभेला वडील एकटे आले तर घरी निरोप अर्धाच पोचतो.

सभेत फक्त शाळेचं एकूण चित्र सांगा. एकाही मुलाचं नाव घेऊ नका. ‘चौथीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. यात शाळा कमी पडली आहे,’ इतकं सरळ बोला. ‘कच्चा’, ‘ढ’, ‘मठ्ठ’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. चार लोकांत आपल्या लेकराबद्दल असं ऐकलं की आई मान खाली घालते आणि पुढे काही विचारत नाही. विचारणं बंद झालं की सभा वाया गेली.

एकेकाचं बोलणं सभेनंतर, एकेका घराशी. आणि इथे सांगण्यापेक्षा ऐकवणं जास्त उपयोगाचं. चौथीतल्या एका मुलाची आई मला म्हणाली, ‘बाई, तो तर धाड धाड वाचतो की.’ मुलाने पुस्तक उघडलं आणि ओळीवरून बोट फिरवत अख्खी कविता म्हणून दाखवली. आई समाधानाने माझ्याकडे पाहत होती. मग मी पाटीवर दोन वाक्यं लिहिली, कुठल्याही पुस्तकात नसलेली: ‘पाऊस थांबला. आजी अंगणात आली.’ ‘पाऊस’ त्याने वाचला. ‘थांबला’पाशी तो थांबला, ‘थ’ म्हणाला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग ‘थोडा’ म्हणाला. ‘अंगणात’ला त्याने ‘अंघोळ’ म्हटलं. आई स्वतः शाळेत गेलेली नाही, पण पोरगं पहिलं अक्षर पाहून अंदाज करतंय हे तिने लगेच ओळखलं. ‘म्हणजे त्याला पाठ आहे, वाचता येत नाही,’ असं तीच म्हणाली. पाठांतराने झाकलेलं न-वाचणं असं पाटीवर दाखवावं लागतं. मात्र मुलाला आधी विश्वासात घ्या, त्याची परीक्षा चालली आहे असं त्याला वाटू देऊ नका, आणि त्याला जे येतं त्याने सुरुवात करा.

बोलून झालं की एक चिठ्ठी द्या. तोंडी सांगितलेलं दोन दिवसांत पुसट होतं. मी वापरते तो मजकूर असा:

‘ताई / भाऊ, तुमचा मुलगा चौथीत आहे. तो सोपे शब्द वाचतो, पण नवीन परिच्छेद त्याला वाचता येत नाही. दोन अंकी बेरीज येते, हातच्याची वजाबाकी येत नाही. जून ते सप्टेंबर तो अमुक दिवस गैरहजर होता. आमच्याकडून एक शिक्षक कमी असल्याने या वर्गाला पुरेसा वेळ मिळाला नाही. उद्यापासून रोज पहिला तास फक्त वाचनाचा, पातळीप्रमाणे गट करून घेऊ. अमुक तारखेला पुन्हा तुमच्यासमोर वाचून घेऊ. तुमच्यापुढे कोणते मार्ग आहेत ते मागे लिहिलं आहे.’

मुलगी असेल तर शब्द बदला, आणि प्रत्येक चिठ्ठी हाताने भरा. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर तिथेच वाचून दाखवा.

आता ते मार्ग. पालक पहिल्यांदा विचारतात ते, ‘शिकवणी लावू का?’ शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने मनाई आहे, हे आधी सांगून टाका, म्हणजे गैरसमज होणार नाही. बाहेरची शिकवणी लावणं त्यांच्या मर्जीवर, पण तिथेही चौथीचाच धडा पुन्हा घेणार असतील तर पैसे वाया जातील. मूल जिथे अडलं आहे तिथून शिकवणारा माणूस हवा. आणि ‘घरी अभ्यास घ्या’ असं न शिकलेल्या आईला सांगून काय उपयोग? तिला जमेल ते सांगा: रोज रात्री त्याला मोठ्याने वाचायला लावा, आणि ‘काय झालं त्या गोष्टीत?’ एवढं विचारा.

मूल बराच प्रयत्न करूनही अक्षरांत गोंधळत असेल तर आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव मुद्दाम पुढे करा. त्यातून काही निघालं नाही तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या, तज्ज्ञांना बोलवा. अध्ययन अक्षमता असेल तर ‘लक्ष देत नाही’ म्हणून त्या मुलावर ओरडण्यात वर्षं जातात.

शाळेकडून काय हक्काने मागता येतं, हे पालकांना फार कमी माहीत असतं, म्हणून यावर जास्त वेळ द्या. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. वाचनाचा जादा तास, रिक्त पदाची मागणी हे त्या आराखड्यात आणि इतिवृत्तात लिहून घ्या, सह्या करा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. तरीही हललं नाही तर पालक त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. हे मुख्याध्यापकानेच सांगावं, असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या पदासाठी माझ्या दहा पत्रांपेक्षा गावाच्या एका ठरावाला वजन असतं.

शाळा बदलायची असेल तर तेही मोकळेपणाने बोला. दाखला तातडीने देणं मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे, अडवून ठेवणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि वर्षाच्या मधेही मूल घ्यावं लागतं. मात्र खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांबद्दल खूप गैरसमज आहे. तो मोफत प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात, म्हणजे पहिलीत किंवा पूर्वप्राथमिकला मिळतो. चौथीतल्या मुलाला तो नाही, मग बाहेरचं कोणी काहीही सांगो. धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी अर्ज जरूर भरा. आणि मराठीच वाचता न येणाऱ्या मुलाला घाईने इंग्रजी माध्यमात टाकू नका, एवढं मी प्रत्येक घराला सांगते. तिथे तो दोन भाषांत अडकतो.

पाचवीच्या पालकांशी वेगळं बोला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं. ‘ढकलतात पुढे’ हे जुनं झालं. हे त्यांना एप्रिलमध्ये कळता कामा नये.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना आधी हंगामी वसतिगृहाचं विचारा. मूल गावातच राहिलं, आजीकडे किंवा वसतिगृहात, तर वाचन तुटत नाही. न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाने तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, भरून द्या आणि त्याच्यासोबत ती पातळीची चिठ्ठी जोडा, म्हणजे तिकडच्या गुरुजींना पहिल्या दिवसापासून कळेल कुठून सुरू करायचं. परत आल्यावर त्याच चिठ्ठीवर, खालच्या रकान्यात, नवीन परिच्छेद वाचून घेऊन तारीख टाका आणि आई-वडिलांपैकी कोणाचा तरी अंगठा किंवा सही घ्या.